धरणाखालचे सावदेकर काका

मोठ्या कष्टाने मासा पकडायचा, दोन क्षण हातात धरायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. असं करणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? दयाळू, की क्रूर?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. ऑस्ट्रेलियात, कॅनबराच्या गुंगालिन उपनगरातल्या आमच्या दोन घरांच्या सामाईक ड्राइव्हवेवर उभी राहून मी दिगंबर सावदेकर या साठीला टेकलेल्या माणसाला तोंडावर क्रूर म्हटलं होतं. खाण्यासाठी मारलं तर समजू शकते, खेळण्यासाठी छळणं हा सरंजामी शौक आहे, असं बरंच काही बोलले. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून जेवायची पद्धत होती. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली आणि एसटी स्टँडवर उभं राहून वाटली. वाक्याच्या शेवटी आरोप नसला तर वाक्य अर्धवट वाटतं, हा मला मिळालेला वारसा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यासमोर टेबलाला एक छोटा शिकंजा लावलेला होता, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा हूक पकडलेला होता, आणि त्यावर ते शिवणाचा धागा गुंडाळत होते.

"झालं?" ते म्हणाले. "आता हे मोरपीस धर. दोन बोटांत. दाबू नकोस."

मी धरलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव पत्रकबाई ठेवलं.

साथीचं पहिलं वर्ष होतं. सगळे घरून काम करत होते. काका एका सरकारी कामावर कॉन्ट्रॅक्टर होते. नद्यांच्या पातळीचे आणि पावसाचे आकडे तपासायचे. सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून ते पोर्चमध्ये माश्या बांधत बसायचे. म्हणजे खऱ्या माश्या नव्हेत, माशीसारखं दिसणारं काहीतरी. ससा, तितर, मोर आणि शेजारच्या कुत्र्याचे केस यांच्यापासून, दोऱ्याने बांधलेलं. मध्येच कानातल्या फोनला इंग्रजीत "येस, आय अग्री" म्हणायचे आणि मला मराठीत विचारायचे, "शेपटी जास्त झाली का?" कुणाशी अग्री झालेत ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

बांधलेल्या माश्या ते सात कप्प्यांच्या डबीत ठेवायचे. आपल्याकडे वयस्कर माणसं औषधाच्या गोळ्या ठेवतात ना, सोमवार ते रविवार, तीच डबी. त्यामुळे नदीवर त्यांची भाषा अशी असायची: "मंगळवार लाव. नको, थांब, ढग आले. गुरुवार."

नदी आमच्याकडून दोन तासांवर होती. तिचं नाव मी लिहीत नाही, मासेमारीतला तो शिष्टाचार आहे. एवढं पुरे की ती एका मोठ्या धरणाच्या पायथ्याशी सुरू होते. धरणाच्या तळाचं पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणून ती भर उन्हाळ्यातही बर्फासारखी असते. शिवाय ऐन उन्हाळ्यातच दुथडी भरते, कारण तेव्हा खालच्या शेतांना पाणी सोडतात. इथल्या मासेमारांना हे समजून घ्यायला पुस्तकं वाचावी लागतात. काकांना एका शब्दात कळलं होतं. "आवर्तन आहे हे," ते म्हणाले. "आपल्याकडे कालव्याला सोडतात, इथे नदीलाच सोडतात." इथे विसर्ग दिवसाला किती मेगालिटर असा मोजतात. ते मनातल्या मनात त्याचे क्युसेक करायचे आणि मगच गाडीला किल्ली लावायचे. तिकडे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, एवढं त्यांनी सांगितलं होतं. नोकरी का सोडली, हे मी विचारलं नव्हतं. इकडे आलेल्या प्रत्येकाने काहीतरी सोडलेलंच असतं.

नदीवर पोचलं की मला वाटायचं, आता गळ टाकायचा. काकांचा पहिला अर्धा तास गळाला हात न लावता जायचा. आधी ते काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, एक काडी रोवायचे. मग गुडघाभर पाण्यात जाऊन दगड उलटे करून बघायचे. मग सुनंदाकाकूंची चहाची गाळणी प्रवाहात दोन मिनिटं धरून ठेवायचे आणि तिच्यात काय अडकलं ते चष्मा कपाळावर चढवून पाहायचे. काकूंच्या घरात दोन वर्षांत चार गाळण्या नाहीशा झाल्या. ज्याच्या शेतातून आम्ही नदीकडे जायचो तो म्हातारा बॅरी कुंपणावर रेलून म्हणायचा, "तुझा हा अंकल मासे पकडत नाही, पाण्याचं ऑडिट करतो."

गाळणीत नेहमी जवळपास तेच निघायचं. चिलटाच्या करड्या अळ्या, एखादी तपकिरी, पायांची. बाकी काही नाही. धरणाखालच्या पाण्यात ना गाळ येतो ना पालापाचोळा, त्यामुळे किडे मोजक्या जातींचे, पण अतोनात. काका समजावून सांगायचे: "इथला ट्राउट मासा म्हणजे आपला कॅनबराचा पर्मनंट सरकारी माणूस. एसी बारा महिने, जेवण वेळेवर समोरून वाहत येतं. तो कशाला जागा सोडेल? तुझी माशी लाख सुंदर असेल. त्याच्या तोंडासमोरून, तो रोज जे खातो त्याच मापाची, त्याच्याच चालीने गेली तरच तो तोंड उघडणार."

हे मला पटायला एक अख्खी दुपार लागली. मी पहिल्यांदा स्वतः बांधलेली माशी लाल होती, जाड होती, तिला चमकी होती. काकांनी ती पाहिली आणि दोरीला बांधून दिली. मी तासभर पाणी झोडपलं. समोर, स्वच्छ तळावर, सहा मासे मला दिसत होते. एकानेही मान वळवली नाही.

"पत्रकच आहे ते," काका म्हणाले. "दुरून दिसतं. घेत कुणी नाही."

मग त्यांनी बुधवारच्या कप्प्यातलं चिलट काढलं, वीस नंबरचं. हूकचा आकडा वाढतो तसा हूक लहान होतो, हे गणित मला कधी सवयीचं झालं नाही. वर त्यांनी पांढऱ्या लोकरीचा एक पुंजका बांधला, म्हणजे खाली काय चाललंय ते वर कळावं. आणि मला खरा धडा दिला, तो दोरीचा. मधला प्रवाह वेगात असतो, काठाचा संथ. दोरी मधल्या पाण्यात पडली की ती पुढे पळते आणि माशीला मागे ओढत नेते. माणसाला ते दिसतसुद्धा नाही. माशाला तेवढंच दिसतं. म्हणून दोरी पडल्या पडल्या मनगटाने तिचा मधला भाग उचलून वरच्या अंगाला टाकायचा. तोडायची नाही, ताणायची नाही, फक्त सैल ठेवायची. "आपण तिला धरलंय हे तिला कळता कामा नये," ते म्हणायचे. त्या दुपारी चौथ्या खेपेला लोकरीचा पुंजका किंचित थबकला, आणि माझ्या हाताला माझ्या आयुष्यातला पहिला मासा लागला.

काकांनी आधी हात ओले केले, मगच त्याला स्पर्श केला. हूकला उलटा काटा ठेवायचेच नाहीत, पक्कडीने दाबून टाकायचे. मासा पाण्याबाहेर न काढता त्यांनी हूक सोडवला, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून क्षणभर धरला आणि बोटं उघडली.

या बोटं उघडण्यावर सुनंदाकाकूंचा कायमचा राग होता. काकू वेंगुर्ल्याच्या. पहिल्या वर्षी नवरा मासे मारायला गेला म्हणून त्यांनी वाटण करून ठेवलं होतं, आणि काका मोबाइलमधला फोटो घेऊन परतले होते. "फोटोला लावू का आता तिखट?" असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं म्हणे. नियमाप्रमाणे घरी आणता येतात, तरी आणत नाहीत. समुद्रातला मासा मिटक्या मारत खातात, नदीतल्याला शिवत नाहीत. काकू मला सांगायच्या आणि पुढे म्हणायच्या, "हा माणूस इंजिनिअर आहे, कारण विचारायचं नाही."

कारण मला दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये कळलं. ते विचारलं नव्हतं. ते माझ्या अंगावर येऊन आदळलं.

लाँग वीकएंड होता. परदेशी जायला बंदी, म्हणून अख्खं शहर नद्यांवर लोटलं होतं. शेतांची गरज संपत आली होती, नदी उतरली होती आणि मधोमध गोट्यांचं एक बेट उघडं पडलं होतं. त्यावर एक भारतीय कुटुंब सहलीला आलेलं होतं. आईवडील, दोन लहान मुलं, घडीच्या खुर्च्या, स्पीकर. बोलण्यावरून तेलुगू वाटत होते. आम्ही खालच्या अंगाला, पन्नास पावलांवर होतो. काका माशी निवडत होते. डबी उघडी होती, आणि त्यांनी सहज काठाकडे पाहिलं.

काडी पाण्यात होती. चार बोटं आत.

मी काकांना कधी घाईत पाहिलं नव्हतं. त्यांनी डबी टाकली, गळाची छडी टाकली, सरळ पाण्यात घुसले आणि ओरडू लागले. "पाणी सोडलंय! पाणी सोडलंय रे! वर या!" मराठीत. इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. कमरेपर्यंत पाणी, पाय घसरतायत, पडतायत, उठतायत, आणि तेच शब्द. बेटावर पोचून त्यांनी दोन्ही मुलांना काखोटीला मारलं. आई किंचाळली. बाप त्यांच्या अंगावर धावून आला. मी मागून ओरडून इंग्रजीत सांगत होते की धरणातून पाणी सोडलंय, ते मदत करतायत. शेवटी सगळे काठाला आले. बापाने मुलांना काकांच्या हातून ओढून घेतलं.

पाणी आणखी दोन बोटं चढलं आणि थांबलं. बेट बुडालंच नाही. खुर्च्यांचे पायसुद्धा जेमतेम ओले झाले. बापाने मला विचारलं की यांना काही आजार आहे का. मी नाही म्हटलं, पण काकांकडे बघून मला खात्री नव्हती. ते चिखलात बसले होते आणि त्यांचे ओठ अजून तेच बोलत होते, आवाजाशिवाय. त्यांची छडी वाहून गेली होती. वर्षभर बांधून वारांप्रमाणे लावलेल्या माश्या पाण्यावर पसरून खाली चालल्या होत्या, आणि ते त्यांच्याकडे बघतही नव्हते.

परतताना गाडी मी चालवली. हीटर लावला होता तरी ते काकडत होते. अर्ध्या तासाने ते बोलू लागले, आणि खात्याच्या भाषेत बोलले, जणू अहवाल वाचतायत.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. महाराष्ट्रातलं एक धरण. भरलेलं, वरून पाण्याचा येवा चालू, पण आभाळ स्वच्छ, ऊन. दुपारी विसर्ग सोडायचा हुकूम फोनवरून आला. दाराचं काम काकांकडे होतं. सायरन आठ महिने बंद. त्यांनी दुरुस्तीसाठी दोनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा लिहिलं नाही. सायरन नसला की एक माणूस मोटरसायकलवरून खालच्या गावांना ओरडत जायचा. तो त्या दिवशी विश्रामगृहावर पाहुण्यांच्या जेवणाच्या व्यवस्थेत होता. काकांनी विचार केला, दुपारची वेळ आहे, कोरडा दिवस आहे, या वेळी नदीत कोण असणार? आणि दार उचललं.

"घटस्थापना दोन दिवसांवर होती," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. घट बसण्याआधी आमच्या भागात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. गोधड्या घरच्या मोरीत धुता येत नाहीत. गावातल्या बाया त्या नदीवर नेतात, सकाळी जातात आणि गोधड्या खडकावर वाळेपर्यंत दिवसभर तिथेच असतात.

"माझी आई जायची," काका म्हणाले. "मी स्वतः तिच्याबरोबर डोक्यावर गोधडी घेऊन गेलोय. आणि मला आठवलं नाही."

खडकावर एक बाई आणि तिच्या दोन मुली होत्या. तिघी तीन दिवसांनी सापडल्या. मासेमारांची जाळी लावून शोधल्या, आणि काका त्या होडीत होते. त्यानंतर त्यांनी नदीतला मासा खाल्ला नाही.

इथपर्यंत मी ऐकू शकले. पुढचं ऐकून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. चौकशी झाली होती. वरून मसुदा तयार होऊन आला होता: सायरन वाजवण्यात आला होता, परंतु संबंधितांनी दुर्लक्ष केले. खाली काकांनी सही केली. बाकीच्यांनीही केली, पण दार त्यांच्या हाताने उघडलं होतं. त्यांची सही नसती तर तो कागद उभाच राहिला नसता. गावात मग एकच बोललं गेलं, की बाईला गोधड्यांचा मोह सुटला नाही. सायरन ऐकूनही ती गोळा करत बसली आणि पोरींनाही घेऊन गेली. तिच्या नवऱ्याने पंचवीस वर्षं हे ऐकलं. कदाचित त्यालाही ते खरं वाटत असेल.

मी गाडीतून उतरले. कुंपणापलीकडे गाई चरत होत्या, मला बघून त्या जवळ आल्या. लहानपणापासून मी ज्याच्याविरुद्धची पत्रकं वाटली होती तो माणूस कागदावरचा होता, त्याला चेहरा नव्हता. आता तो माझ्या गाडीत, माझा टॉवेल गुंडाळून बसला होता, आणि त्याने मला दोरी सैल सोडायला शिकवलं होतं. त्याला तिथेच उतरवून निघून जावं, असं माझ्या मनात आलं. हे मी लपवत नाही. तिथून वस्ती चाळीस किलोमीटरवर होती, एवढ्यासाठीच मी त्यांना घरी आणलं.

पंधरा दिवस मी ड्राइव्हवेवर त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग एप्रिल आला. तिकडून रोज कुणाच्या तरी घरचं कळू लागलं. ऑक्सिजन नाही, खाट नाही, स्मशानात रांग. आम्ही इथे सुरक्षित, फोन हातात धरून बसलेले. एका सकाळी काका माझ्या दारात उभे राहिले, मास्क लावून, दोन पावलं लांब. हातात कोरे कागद.

"त्या बाईचा नवरा सत्तरीचा असेल आता," ते म्हणाले. "तिकडे माणसं पटापट जातायत. तो गेला तर हे मी कुणाला सांगू? तू लिहितेस. लिहून दे."

मी लिहिलं. रात्रभर नव्हे, तासाभरात. रागाला वेळ लागत नाही. दोन पानं झाली. त्यात खुनी यंत्रणा होती, बळी गेलेल्या बाया होत्या, सत्तेची मस्ती होती, शेवटी चार मागण्या होत्या. काकांनी पोर्चमध्ये बसून ते दोनदा वाचलं.

"ह्यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही यंत्रणेचा भाग आहात.

"मग मी सुटलो की." त्यांनी कागद खाली ठेवला. "आणि तो माणूस हे कसं ऐकणार? त्याला यंत्रणा माहीत नाही. त्याला सायरन माहीत आहे. तू ओढतेयस. तुला जिथे न्यायचंय तिथे नेतेयस त्याला."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं, आणि बरोबर असण्याचा त्यांना काय अधिकार होता? पण आम्ही बसलो. सात दिवस, रोज दुपारी. त्यांनी एकेक शब्द हातात घेऊन बघितला. "दुर्घटना" काढला, गावात तसं कुणी म्हणत नाही. "विसर्ग" काढला, "पाणी" घातला. "आम्ही" जिथे जिथे होतं तिथे "मी" केलं. मी शेवटी "मला माफ करा" असं लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी स्वतः खोडलं.

"माफी मागितली की त्याला काहीतरी द्यावं लागतं," ते म्हणाले. "नाही दिलं तर तो वाईट ठरतो. ह्यात गळ नको."

उरलं ते असं:

"मी त्या दिवशी धरणावर कामाला होतो. पाणी मी सोडलं. सायरन वाजला नाही. तो आठ महिने बंद होता. सांगायला माणूस पाठवायचा असतो, तो मी पाठवला नाही. घट बसायचे होते, बाया गोधड्या घेऊन नदीवर असणार, हे मला कळायला हवं होतं. सायरन ऐकूनही तुमच्या घरच्यांनी लक्ष दिलं नाही असं मी लिहून दिलं, ते खोटं आहे. त्यांनी काही ऐकलं नाही, कारण काही वाजलंच नाही. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा."

खाली पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, आताचा पत्ता.

टपालाचा भरवसा नव्हता. माझ्या वडिलांनी जुन्या ओळखीतून त्या गावच्या आशाताईंचा नंबर काढला. त्या घरोघर ताप आणि ऑक्सिजन बघत फिरत होत्या. काकांचा आग्रह एकच होता: पत्र फोनवर पुढे ढकलायचं नाही, समोर बसून वाचून दाखवायचं. आशाताईंनी ते कागदावर उतरवून घेतलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला. काका पोर्चच्या पायरीवर बसले होते. म्हातारा जिवंत होता, ताप येऊन गेला होता. आशाताईंनी सांगितलं, बाबांनी बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून घेतलं आणि म्हणाले, वाच. मग म्हणाले, परत वाच. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे तिला कळलंच नाही? आशाताईंनी सांगितलं, नाही कळलं बाबा. मग ते म्हणाले, माझ्यापुरतं नको. पंचायतीच्या कर्ण्यावर वाच. बोललं तेव्हा सगळं गाव बोललं होतं.

त्या दिवसांत पंचायतीच्या लाउडस्पीकरवरून रोज सकाळी मास्क लावा, गर्दी करू नका, असं सांगत. दुसऱ्या दिवशी ते सांगून झाल्यावर आशाताईंनी पत्र वाचलं. नावासकट.

काकांना त्यांनी काही निरोप दिला का, हे मी विचारलं. आशाताई म्हणाल्या, नाही, त्यांच्याबद्दल काही बोलले नाहीत.

काकांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा हलके होतील. तसं काही झालं नाही. ते उठले आणि आत काकूंना सांगायला गेले. कारण काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं.

काकू त्यानंतर त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ऑगस्टमध्ये कॅनबरा बंद झालं तेव्हा ते दोघं त्या घरात दोन महिने न बोलता राहिले. काकू मला कुंपणावरून म्हणाल्या, "केस होईल याची मला भीती नाही गं. मी दर वर्षी घट बसवते. माझ्या शेजारी बसून हा माणूस आरतीला टाळ्या वाजवत होता." मी काकांना माफ केलेलं नाही, तो माझा अधिकारही नाही. मला एवढंच सांगता येतं, की ज्याच्यामुळे मी इतकी हादरले त्याच्याएवढं सरळ वाक्य लिहायला मला अजून जमत नाही.

पत्राची एक प्रत त्यांनी जुन्या खात्याला पाठवली होती. उत्तर आलं नाही. नोव्हेंबरात देशाची दारं उघडली, तसं त्यांनी कॉन्ट्रॅक्ट सोडलं आणि तिकीट काढलं. तिकडे जाऊन कचेरीत बसायचं आणि जुन्या जबाबाला हा नवा जबाब जोडून घ्या म्हणायचं, एवढाच बेत. बॅरीला त्यांची छडी दोन मैल खाली कुंपणात अडकलेली सापडली होती. त्याने फोन केला तर काका म्हणाले, तुझ्याकडेच असू दे, मेट.

सिडनीच्या बसवर मी आणि काकू त्यांना सोडायला गेलो. काकूंनी डबा केला होता. तो त्यांनी काकांच्या हातात दिला आणि आमच्या गाडीत जाऊन बसल्या. काका खिडकीशी होते. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. तो पुसून त्यांनी खिशातून पत्राचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचायला घेतला, जणू एखादा शब्द अजून जास्त आहे. बस हलली तेव्हाही त्यांचं डोकं खाली होतं. मी हात केलेला त्यांनी पाहिला नाही.

ते अजून परतलेले नाहीत. दर सोमवारी त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसतात, असं कळतं. फाइल बंद झाली आहे, असं त्यांना दर सोमवारी सांगितलं जातं. त्या घरच्यांनी नावं छापू नका असं कळवलंय, म्हणून मी ती छापलेली नाहीत.

तुमच्याकडे माझी मागणी एकच आहे. कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत, कुठेही, मेलेल्या माणसावर त्याच्याच मरणाचा दोष ठेवणारा कागद तुमच्या सहीने उभा असेल, तर हे पान इथेच ठेवा आणि कोरा कागद घ्या. थोडं लिहा. "आम्ही" लिहू नका. माफी मागू नका. काय घडलं नाही ते लिहा. तो कागद आधी त्या घरी पोचवा, कचेरीला नंतर. आणि तिथे तो ऐकायला कुणी अजून जिवंत आहे का, याची चौकशी आजच करा.